चौदा नंबरचं रक्त

पशुसंशोधन केंद्र, मुरबाड रोड
शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

मामा, जय भीम.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला तरी काही ऐकू येत नाही. मोबाइलवर लिहिलं तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात म्हणतोस. तेव्हा हा कागद. इथला रवींद्र सकाळ-संध्याकाळ केंद्राचं दूध टेम्पोतून कल्याणला नेतो, तो तुझ्या दारातूनच जातो. पत्र त्याच्याजवळ दे, स्टॅम्पचे पैसे वाचव.

मामा, मला भीती वाटतेय. हसू नकोस. गेले चार महिने मी चोवीस बोकड वाढवतेय. तीन गट, प्रत्येकात आठ. एका गटाला नेहमीचा खुराक, दुसऱ्याला त्यात शेवग्याचा वाळवलेला पाला, तिसऱ्याला दुप्पट पाला. दर सोमवारी सकाळी उपाशीपोटी वजन, छातीचा घेर, अंगाची लांबी. इथवर मजा होती. पण वाढ नुसती काट्यावर मोजून चालत नाही, आत मांस किती धरलं तेही मोजावं लागतं. म्हणजे सोमवार-मंगळवार बारा बोकड कापायचे. चिठ्ठ्या टाकून नंबर निघालेत. रघु खाटीक कापेल आणि सोलेल, पण बरगडीचा काप, अवयवांची वजनं, सगळं मी. मी आजवर कोंबडीसुद्धा कापलेली नाही रे.

त्यात इथल्या गंगुबाई. साठीच्या आहेत, शेजारच्या गावातून येतात, चारापाणी त्यांच्याकडे. मी कितीही सांगितलं की यांना नाव नाही, कानातला बिल्ला हेच नाव, तरी त्यांनी चोविसांचं बारसं केलंय. चौदा नंबरचा ‘तलाठी’, कारण तो प्रत्येकाच्या गव्हाणीत डोकावून येतो. सगळ्यांत जास्त वाढलेला तोच. आणि चिठ्ठीत तोच निघाला.

मुकुल सर, माझे मार्गदर्शक, रोज माजिवड्याहून गाडी घेऊन येतात. त्यांना भीतीचं काही सांगायची सोय नाही. तू आयुष्यभर कत्तलखान्यात तपासलेल्या मांसावर ठसे मारलेस. सांग ना, पहिल्या दिवशी काय करायचं?

आई बरी आहे. आमच्या इमारतीतली नीलामावशी गेल्या रविवारी जिन्यात भेटली, तुझं विचारत होती. तू वर्तकनगरला येतोस आणि तिच्या तिसऱ्या मजल्याकडे मान वर करूनही बघत नाहीस. आई म्हणते जुनं भांडण असेल. आहे का?

तुझी मेघना


कल्याण
शनिवार, ९ नोव्हेंबर

चि. मेघनास,

बहिऱ्या माणसाला पत्र आलं की चाळीत केवढा रुबाब वाढतो, तुला कल्पना नाही. शेजारीण विचारत होती कोर्टाचं आहे का.

भीती वाटते हे चांगलं आहे. ज्याला वाटत नाही त्याच्या हातात सुरी देऊ नये. आता ऐक. आदल्या दिवसापासून चारा बंद, पाणी चालू. जनावराला पळवू नका, घाबरवू नका, घाबरलेल्या जनावराचं मांस काळं पडतं. रक्त पूर्ण निथळू द्या, घाई करायची नाही, आणि ते तसराळ्यात धरून त्याचंही वजन घ्या. आतडी सोडवताना पित्ताची पिशवी फोडू नका. हातावर साधा ओरखडा असला तरी हातमोजे.

आणि एक. जो आपल्या चार पायांनी चालत आला नाही, त्याला सुरी लावायची नाही. तुझ्या साहेबाने सांगितलं तरी नाही. हे पुस्तकात असेलच, माझंही ऐकून ठेव.

तू लहानपणी माझ्या हातावरचा गोल डाग बघून विचारायचीस, मामा हे काय? ठशाचा चटका, मी सांगायचो. तुला खरं वाटायचं. तेव्हा तू शहाणी होतीस, फार प्रश्न विचारत नव्हतीस.

नीलाशी भांडण नाही. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही.

मामा


पशुसंशोधन केंद्र
बुधवार, १३ नोव्हेंबर

मामा,

झालं सगळं. नीट झालं.

तू सांगितलेलं सगळं पाळलं. रघु हाताने हलका आहे. पहिल्या बोकडाच्या वेळी मी भिंतीला धरून उभी राहिले, नंतर सवय झाली. बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये काप घेतला की मांसाचा एक लंबगोल दिसतो, त्यावर पारदर्शक कागद ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. मग चौकोन मोजायचे. त्या कामात डोकं गुंतलं की बरं वाटतं.

तुला आकडे आवडतात म्हणून दुसऱ्या गटाचे उतरवून देते.

नऊ नंबर: जिवंत वजन २२ किलो ८००, रक्त ९४० ग्रॅम, सोललेलं धड १० किलो ७००.
अकरा: २३ किलो १००, रक्त ९६०, धड १० किलो ९००.
चौदा: २४ किलो ६००, रक्त ३१०, धड १२ किलो ३००.
सोळा: २२ किलो ४००, रक्त ९२०, धड १० किलो ५००.

चौदाचा उतारा, म्हणजे जिवंत वजनात धडाचा वाटा, बरोबर पन्नास टक्के. बाकीचे सगळे सत्तेचाळीसच्या आसपास. सर फार खूश आहेत. रक्ताचा आकडा थोडा कमी दिसतो, तसराळं कलंडलं असेल.

जेवण फारसं जात नाही. दमलेय. धडं शीतपेटीत ठेवलीत, पुढच्या चाचण्यांसाठी. वजडी तेवढी गंगुबाईंनी नेली. इथे तशी पद्धतच आहे, जो पोट-आतडी धुतो त्याची वजडी. त्यांच्या मनगटावर काल काहीतरी चावलंय, मुंगी वगैरे, म्हणून आज चारा मीच घातला.

आईला कळवलंय, रविवारी येत नाही.

मेघना


कल्याण
गुरुवार, १४ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ

मेघना,

रवींद्रला दारात उभा केलाय आणि त्याच्या हातात चहा दिलाय. चहा संपेपर्यंत लिहितो.

तुझे आकडे मी तीनदा वाचले. तसराळं कलंडलं असेल असं आधी मलाही वाटलं. पण कलंडलेलं रक्त तसराळ्यातून जातं, धडात शिरत नाही. नऊ, अकरा, सोळा, तिघांचं रक्त नऊशेच्या पुढे. तुझ्या सगळ्यांत मोठ्या बोकडाचं तीनशे दहा, आणि धड मात्र सगळ्यांत जड. ते आतच राहिलं म्हणून धड जड भरलं, पोरी. पन्नास टक्के उतारा कसला! हृदय चालू असेल तरच रक्त बाहेर येतं.

मी तुला रागावत नाही. मला तीन गोष्टी कळव, संध्याकाळच्या टेम्पोने. उगाच गोड करून लिहू नकोस.

चौदा नंबर चालत आला होता का?

त्याचं जे थोडं रक्त आलं, ते गोठलं का?

आणि गंगुबाईच्या मनगटावरची पुळी दुखते का? दाबून बघू नकोस, हातही लावू नकोस. नुसतं विचार.

दुखत असेल तर बरं, साधी पुळी दुखते. माझा जीव टांगणीला आहे.

मामा


पशुसंशोधन केंद्र
गुरुवार, दुपारी

मामा,

नाही. नाही. नाही.

क्रमाने सांगते.

सोमवारी सकाळी सहाला मी गोठ्यात गेले तेव्हा तलाठी आडवा पडलेला. पोट फुगलेलं, पाय ताठ, नाकाशी काळं रक्त. रात्री गंगुबाईंनी पाणी पाजलं तेव्हा तो शिंग मारत होता. मी सरांना फोन केला. ते पाऊण तासात आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, पोट फुगून गेला, दुसरं काही नाही. मी म्हटलं सर, शवविच्छेदनाला कळवू या. तर म्हणाले, “अगं, पाल्याच्या गटात जनावर मेलं असं कागदावर आलं की चार महिन्यांचं काम पाण्यात. सगळे पाल्याकडेच बोट दाखवतील. तो तसाही आठ वाजता कापायचाच होता ना? दोन तासांचा तर फरक आहे.”

दोन तासांचा फरक. मामा, मला ते पटलं. तुझं पत्र माझ्या बॅगेत होतं, त्यातलं ते वाक्य मला पाठ होतं, आणि तरीही मला ते पटलं. रघु यायच्या आत आम्ही त्याला ओढत आत नेलं. रघु म्हणालाच, “मॅडम, ये तो ठंडा है.” सर म्हणाले आत्ताच बेशुद्ध झालाय, चल, लवकर. रक्त डांबरासारखं होतं, गोठलंच नाही. तिल्ली हाताएवढी सुजलेली. मी तिचं वजन घेतलं आणि लिहिलं. शाबास मी.

मी आणि रघुने हातमोजे घातलेले. गंगुबाईंनी नाही. त्यांनी त्याचं पोट रिकामं केलं, आतडी उघड्या हातांनी धुतली आणि मला म्हणाल्या, “माजा तलाठी गो, मीच त्याची धुनार.” खुरपं लागून मनगटावर कापलेलं होतं, तिथेच पुळी आलीय. परवा लाल होती. आज मधोमध काळी आहे आणि भोवती सूज कोपरापर्यंत चढलीय. मी विचारलं दुखतं का. हसल्या. “मना काय दुखत नाय पोरी. दुखला असता तं कामाला आली असती का?”

वजडी त्यांनी एकट्यानेच खाल्ली. खूप शिजवली म्हणतात.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले घाबरू नको, गावातल्या डॉक्टरकडून मलम आण, आणि कुणाशी बोलू नकोस, तुझी डिग्री आहे, तिची नोकरी आहे. मी मलम आणलं. डॉक्टर म्हणाले किडा चावला. मी बोकडाचं सांगितलं नाही.

मामा, हे तेच आहे का, ज्याचं नाव मला लिहवत नाही? जनावरात त्याला फाशी म्हणतात. आम्हाला दुसऱ्याच वर्षी शिकवलेलं, एका मार्काला प्रश्न येतो. मेलेलं जनावर उघडायचं नाही. मी तो मार्क मिळवलेला.

मला खूप भीती वाटतेय.

मेघना


रवींद्रच्या टेम्पोत
गुरुवार, संध्याकाळ

मेघना,

हे पत्र मी माझ्या हाताने तुला देणार आहे. तू समोर असशील आणि मला तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून रिकाम्या कॅनवर कागद ठेवून लिहितोय. रस्ता खराब आहे, रवींद्रही.

माझ्या हातावरचा डाग ठशाचा नाही. तो याच पुळीचा आहे.

एकतीस वर्षं झाली. ट्रकमध्ये एक रेडा मेलेला आला. तपासणारे साहेब जागेवर नव्हते. मुकादम म्हणाला, तास-दीड तासाचा फरक आहे, ठसा मार. मी मारला. मी आणि भाऊने तो ओढून नेला. भाऊ म्हणजे नीलाचा नवरा, माझ्याबरोबर तिथेच कामाला होता. तू त्याला पाहिलेलं नाहीस, तुझ्या जन्माआधी गेला.

तिसऱ्या दिवशी माझ्या हातावर पुळी आली आणि त्याच्या मानेवर. दोघं मिळून दवाखान्यात गेलो. डॉक्टरने विचारलं, आजारी किंवा मेलेलं जनावर हाताळलं का? भाऊने माझ्याकडे पाहिलं. ठसा माझा होता, नोकरी माझी जाणार होती. मी मान हलवली. नाही म्हणून. मग त्यानेही हलवली.

आम्हाला मलम मिळालं, मेघना. तुझ्या गंगुबाईला मिळालं तसंच.

दोन दिवसांनी मी एकटाच दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो आणि खरं सांगितलं. मला सुया टोचल्या, मी वाचलो. तिथून धावत भाऊकडे गेलो, तर त्याची मान आणि छाती सुजून एक झाली होती. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने परत माझ्याकडे तसंच पाहिलं.

सगळ्यांना वाटतं तो तापाने गेला. नीलालाही.

आता कामाचं. हा आजार बरा होतो. वेळेत औषध पडलं तर बहुतेक माणसं वाचतात, मी तुझ्यासमोर उभा आहे. पण डॉक्टरला कळायला हवं की तो काय शोधतोय. आपण गंगुबाईला घेऊन आधी कल्याणला आणि तिथून ते म्हणतील तर ठाण्याला जाऊ. मी बहिरा आहे, डॉक्टर काय विचारतो ते मला कळणार नाही. बोलायचं तुला आहे. तो विचारेल तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.

मामा


ठाणे, रुग्णालय
बुधवार, २० नोव्हेंबर

मामा,

तू गुरुवारी बाहेर बाकावर बसलेलास, तुझी ती जुनी टोपी मांडीवर घेऊन. आत काय झालं ते तुला ऐकू आलं नाही आणि नंतर धावपळीत मी सांगितलं नाही. म्हणून लिहिते.

कल्याणच्या डॉक्टरबाई गंगुबाईंचा हात दिव्याखाली धरून बघत होत्या. म्हणाल्या, संसर्ग दिसतोय, गोळ्या देते, चार दिवसांनी दाखवा. आणि कागद लिहायला लागल्या. त्यांनी मला काही विचारलंच नाही, मामा! तू म्हणालेलास विचारतील. विचारलं असतं तर उत्तर द्यायचं, एवढीच मी तयारी केलेली. त्यांनी सही केली. गंगुबाई उठल्या, पदर सारखा केला, दारापर्यंत गेल्या. बाहेर तू दिसलास. तू माझ्याकडे बघत नव्हतास, जमिनीकडे बघत होतास.

तेव्हा मी म्हटलं, “डॉक्टर, आम्ही मेलेला बोकड कापला. आधीच मेलेला होता. मला माहीत होतं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सगळं फार वेगाने झालं.

त्याच रात्री इथे आणलं, हे तुला माहीतच आहे. सूज शुक्रवारी दंडावर आली, ताप चढला. शनिवारी त्या मला ओळखत नव्हत्या, मला तलाठी म्हणून हाक मारत होत्या. मी कोपऱ्यात उभी राहून तेच ते मोजत होते, सोमवारपासून किती तास झाले. रविवारी पहाटे घाम आला. आज त्यांनी भाकरी मागितली आणि रुग्णालयाच्या डाळीला नावं ठेवली. मधली काळी खपली तशीच आहे, डॉक्टर म्हणतात ती हळूहळू पडेल, डाग राहील. पण वाचल्या. पोटालाही काही झालं नाही. मामा, वाचल्या त्या!

नमुन्यांचा अहवाल काल आला. फाशीच आहे, अँथ्रॅक्स. मला आणि रघुला गोळ्या चालू आहेत, सरांनाही. धडं जाळली, गोठा बंद केलाय, उरलेल्या बोकडांना औषध आणि पहारा. रघु माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे.

सर दवाखान्यात आले नाहीत. पण चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांनी वेळ खरी सांगितली, सकाळचे सहा. मला वाटलेलं ते माझ्यावर ढकलतील. तेही घाबरलेले असतील. माझी डिग्री राहील की जाईल, कळत नाही. आईला सगळं सांगितलं. ती रडली आणि मग डबा भरायला लागली.

काल रजिस्टर परत माझ्या हातात दिलं, चौकशीसाठी सही करायला. चौदा नंबरच्या ओळीत माझेच आकडे होते, ३१० आणि ५० टक्के. मी त्यावर रेघ मारली आणि लिहिलं: सोमवार, सकाळी सहा, मृत आढळला. सुरी लावायला नको होती. खाली सही केली.

गंगुबाई विचारत होत्या, तो बहिरा बाबा कोण होता, त्याच्या हातालाही असाच डाग आहे ना? तू बाही वर केलीस तेव्हा त्यांनी बघितलेलं. म्हणाल्या, त्याला बघून मना धीर आला.

तुझी मेघना


कल्याण
रविवार, २४ नोव्हेंबर

चि. मेघनास,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी दुसरं एक पत्र लिहीत होतो. पाच वेळा फाडलं. सहाव्यांदा पूर्ण झालं. नीलाच्या नावाचं आहे.

तुला वाटेल आता काय उपयोग. मलाही तेच वाटत होतं, म्हणून तर एकतीस वर्षं गेली. गुडघे दुखतात हे खोटं आहे, ते तू केव्हाच ओळखलं असशील. तिला मी दरवर्षी लांबून बघतो. तिचे केस पांढरे झाले. तिला वाटतं, तिने भाऊला एक दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर तो वाचला असता. हे तिने तुझ्या आईला सांगितलेलं, तुझ्या आईने मला. मी ऐकून घेतलं. तेव्हा मला ऐकू येत होतं.

गंगुबाईला डागाचा धीर आला म्हणतेस. त्या डागाचा कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी वर्तकनगरला येतो. पत्र पोस्टात टाकणार नाही, हातात देणार. तिसरा मजला. तू दारापर्यंत माझ्याबरोबर चल. कत्तलखान्यात इतकी वर्षं काढली, पण मला त्या जिन्याची भीती वाटते गं.

ती वाचेल आणि मग काहीतरी म्हणेल. ओरडेल, शिव्या देईल, दार लावून घेईल, मला माहीत नाही. मला ते ऐकू येणार नाही. तू वही-पेन घेऊन माझ्या शेजारी उभी राहा आणि ती जे म्हणेल ते मला लिहून दे. जसंच्या तसं. माझी दया येऊन एक शब्दही कमी करू नकोस.

मामा